ब्रेक लाईट लुकलुकता हवा का? मॉड्यूल, एलईडी बल्ब की जादा दिवा

नाशिकचा पाथर्डी फाटा ते गोंदे हा माझा रोजचा रस्ता. त्यातला जवळजवळ सगळा मुंबई-आग्रा महामार्ग. पावसाळ्यात वाडीवऱ्ह्याच्या आसपास कंटेनरच्या चाकांचे फवारे उडत असतात. आरशात फक्त दोन हेडलाइट दिसतात, आणि त्यांच्यामागच्या माणसाला आपण दिसतोय का, हे कळायला मार्ग नसतो. याच धास्तीने गेल्या तीन वर्षांत मी ब्रेक लाईटच्या नादात बरेच पैसे आणि त्याहून जास्त रविवार घालवले. परवा धाकट्या भावाचा सिन्नरहून फोन आला, "दादा, ते लुकलुकणारं मॉड्यूल मी पण लावू का?" मॉड्यूल म्हणजे ब्रेकच्या वायरमध्ये बसवायची, दिवा लुकलुकवणारी लहान डबी. त्याला समजावताना लक्षात आलं, की माझं उत्तर माझ्या गाडीसाठी एक आहे आणि त्याच्या गाडीसाठी दुसरंच.

माझी जुनी होंडा युनिकॉर्न, मागे साधा बल्ब. त्याची पल्सर, मागे दोन उभ्या एलईडी पट्ट्या. निम्मा निर्णय इथेच होतो.

पैसे काढण्याआधी

गाडी स्टॅंडवर लावा आणि मागचा ब्रेक हाताने हळूहळू दाबा. पॅडल बरंच खाली गेल्यावर दिवा लागतोय का? तसं असेल तर कोणतंही मॉड्यूल घ्या, इशारा उशिराच जाणार. पॅडलजवळच्या ब्रेक स्विचची बॉडी एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावरचा नट फिरवून स्विच थोडा वर घ्यायचा. बॉडीच फिरवली तर आतल्या वायरींना पीळ पडतो. ब्रेक धरायला लागण्याच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. पुढच्या लिव्हरनेही दिवा लागतो का, तेही बघा. काही जुन्या गाड्यांना पुढे स्विचच नसतो, आणि बऱ्याच गाड्यांचा पुढचा स्विच बंद पडलेला असतो याचा मालकाला पत्ता नसतो. मग लेन्स उघडून आतली धूळ पुसा. माझ्या लेन्समध्ये तर घोटीकडचा लाल चिखल वाळून बसला होता. या सगळ्याला खर्च शून्य, आणि माझ्या गाडीवर सर्वात मोठा फरक यानेच पडला.

साध्या बल्बला मॉड्यूल?

नको. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझे पहिले अडीचशे रुपये इथेच बुडाले.

या गाड्यांत १२ व्होल्टचा, २१/५ वॉटचा दोन फिलामेंटचा (तापून उजळणाऱ्या तारांचा) बल्ब असतो. ५ वॉट टेलसाठी (म्हणजे मागे सतत लागून राहणारा मंद दिवा), २१ वॉट ब्रेकसाठी. फिलामेंट तापून पूर्ण प्रकाश द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतो, एलईडी मात्र जवळपास तत्क्षणी पेटतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी ०.२ सेकंदात ३.३ मीटर पुढे सरकते, म्हणजे दीड स्प्लेंडरहून जास्त.

आता याच बल्बला सेकंदाला चार वेळा लुकलुकायला लावा. एक फेरा पाव सेकंदाचा. त्यात अर्धा वेळ चालू, अर्धा बंद. म्हणजे तापायला लागतात ०.२ सेकंद आणि मिळतात ०.१२५. फिलामेंट पुरतं पेटायच्या आत वीज तुटते, पुरतं विझायच्या आत परत येते. मागच्याला लुकलुक दिसत नाही. वाऱ्यातल्या चिमणीच्या वातीसारखा एक मंद थरथरणारा दिवा दिसतो. वाहनांच्या दिव्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांचा जो ४८ क्रमांकाचा नियम आहे, त्यात अचानक ब्रेकच्या इशाऱ्यासाठी सेकंदाला ३ ते ५ वेळा अशी मर्यादा दिलीय, आणि फिलामेंटचा बल्ब असेल तर ४ च्या वर जायलाच मनाई आहे. मी आणलेलं मॉड्यूल याच्या दुपटीने फडफडत होतं.

शिवाय २१ वॉट म्हणजे पावणेदोन अँपिअर. एलईडीपुरतं बनवलेलं नाजूक मॉड्यूल तेवढ्या करंटने तापतं. माझं हाताला चटका बसेल इतकं तापायचं.

मग एलईडी बल्ब

बल्बवाल्यांसाठी हाच खरा पर्याय, आणि यात दोन जाती: साधा एलईडी, आणि आतच फ्लॅशर असलेला. दुसऱ्याचं आकर्षण असं, की वायरिंगला हातच लावायचा नाही. जुना बल्ब काढा, नवा होल्डरमध्ये फिरवून बसवा. दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे उलटा बसत नाही. गॅरेजवाल्याचीही गरज नाही.

पण तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, दिशा. टेल लाईटचा आरसा फिलामेंटसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिप फक्त टोकाला असतील तर समोरून झगझगीत आणि बाजूने अंधार. बाजूलाही चिप असलेला घ्या. दुसरी, ब्रेक दाबल्यावरचा फरक. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो, आणि बहुतेकांचा टेलही. म्हणजे मागच्याला 'दिवा लागला' असं दिसत नाही, 'दिवा वाढला' असं दिसतं. काही स्वस्त बल्बांत टेलच इतका तीव्र असतो, की ब्रेक दाबल्याचं समजत नाही. रात्री कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पन्नास पावलं मागे जा आणि बघा.

तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. लाल लेन्समागे लाल एलईडी चांगला, कारण पांढऱ्याचा बराचसा प्रकाश लाल काच अडवते. मात्र ज्या गाड्यांत हाच बल्ब लेन्सच्या खालच्या पारदर्शक फटीतून नंबर प्लेटवर उजेड पाडतो, तिथे लाल बल्ब लावला की रात्री नंबर प्लेट लाल दिसते, आणि नंबर प्लेटवर उजेड पांढराच हवा. माझी गाडी त्याच जातीची. म्हणून मी पांढरा लावला, थोडा प्रकाश गमावून.

आतच फ्लॅशर असलेल्या बल्बची वागणूक बदलता येत नाही. तो कायम फडफडणारा निघाला तर तसाच वापरा नाहीतर फेका. मी साध्यावर थांबलो.

एलईडी टेलवाल्यांसाठी मॉड्यूल

भावाच्या पल्सरला मॉड्यूल शोभतं. लहान डबी, ब्रेकच्या वायरमध्ये मधोमध बसते: स्विचकडून वीज घेते आणि तुकडे करून दिव्याला देते. मात्र दिसायला सारख्या डब्यांची वागणूक अगदी निराळी असते, आणि पैसे त्या वागणुकीचे द्यायचे आहेत.

एक, ब्रेक दाबून धरला तोवर लुकलुकत राहणारी. ही घेऊ नका. अंधारात मागचा ड्रायव्हर तुमच्यातलं अंतर दिव्याकडे बघूनच अजमावतो, आणि सतत तुटणाऱ्या ठिपक्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिलात, तर मागच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांचं काय होईल त्याचा विचार करा. तो तुम्हाला ऐकवेलच.

दोन, तीन-चार वेळा लुकलुकून मग स्थिर होणारी. घ्यायची तर हीच. नजर वेधायचं काम पहिल्या सेकंदात होतं, नंतर स्थिर दिवा अंतर सांगतो. यातही एक पायरी वर म्हणजे आठवण ठेवणारी डबी: काही सेकंदांत पुन्हा ब्रेक दाबला तर ती न लुकलुकता सरळ लागते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत दर दहा फुटांना ब्रेक लागतो, तिथे ही सोय नसेल तर गाडी लग्नाच्या मांडवासारखी दिसते. खरीदताना विचारा, आणि दुकानातच बॅटरीवर लावून दाखवायला सांगा.

तीन, वेग कमी झाल्याचं सेन्सरने ओळखणारी. कल्पना उत्तम. कसारा घाट उतरताना आपण गिअर खाली घेतो, ब्रेकला हात न लावता गाडी मंदावते, आणि मागच्याला काहीच कळत नाही. ही डबी तेव्हाही दिवा लावते. पण उतारावर गाडीचं तोंड खाली असलं, की सेन्सरला गुरुत्वाकर्षणाचा हिस्सा ब्रेक दाबल्यासारखाच भासतो. साध्या पाच अंशांच्या उतारावरही हा भास थोडाथोडका नसतो. उताराचा हिशेब न करणारी स्वस्त डबी घाटभर उगाच पेटत राहते, खड्ड्यांत तर विचारू नका. हा हिशेब करणाऱ्या डब्या परदेशी आणि कैकपट महाग. मी घाटात गिअर बदलताना पॅडलला दोनदा हलका पाय लावतो. तोच माझा सेन्सर.

मोठ्या कंपन्याही हा इशारा देतात, पण हात राखून. बीएमडब्ल्यूच्या काही मोटारसायकलींचा ब्रेक लाईट लुकलुकतो, होंडाच्या काही मोठ्या गाड्यांचे चारही इंडिकेटर एकदम चमकतात, पण जोरात ब्रेक लागला तरच. वर सांगितलेल्या नियमाची भूमिकाही तीच: ताशी ५० च्या वर आणि खरोखर कचकचून ब्रेक लागल्यावर. आपली अडीचशेची डबी मात्र सोसायटीच्या गेटवरही तोच आरडाओरडा करते.

बसवणं, आणि माझी फजिती

होंडाच्या गाड्यांत ब्रेकची वायर हिरवी-पिवळी, टेलची तपकिरी आणि अर्थिंगची (मायनसची) हिरवी असते. काळी वायर म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा प्लस. मॉड्यूलची काळी म्हणजे अर्थिंग, मग गाडीचीही काळी म्हणजे अर्थिंगच, असं धरून मी जोडणी केली आणि फ्यूज उडवला. नशीब फ्यूजवर भागलं. रंगावर विश्वास ठेवू नका, टेस्ट लॅम्प लावून बघा.

डबी दिव्याच्या अगदी जवळ, मागच्या काऊलमध्ये (प्लास्टिकच्या आवरणात) बसवा. ब्रेक स्विचजवळ नको. नव्या गाड्यांत त्याच स्विचची खबर इसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) किंवा एबीएसकडेही (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेकडेही) जाते, आणि स्विचपाशी डबी घातली तर त्यांनाही तुकडे झालेली खबर मिळते. महागड्या गाड्यांत दिव्याच्या करंटवर नजर असते, तिथे डॅशबोर्डवर एरर येऊ शकतो.

सर्वात महत्त्वाचं, दोन्ही टोकांना एकाच मापाचे कपलर (वायर जोडायचे-सोडवायचे प्लग) लावा. गेल्या वर्षी पावसात भावाच्या एका मित्राच्या डबीत पाणी शिरलं आणि ब्रेक लाईट पूर्ण बंद. चार दिवस त्याला माहीतच नव्हतं. कंपनीच्या गेटवर मागून आलेल्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. डबी म्हणजे साखळीत वाढवलेली एक कडी, आणि ती तुटली तर आधी होता तो दिवाही जातो. सारखे कपलर असले, की डबी काढून दोन टोकं एकमेकांत खुपसायची आणि घरी जायचं. आतून इपॉक्सीने भरलेली डबी घ्या, नुसत्या श्रिंक स्लीव्हमध्ये गुंडाळलेली नको. वॉशिंग सेंटरचा फवारा तिला पुरून उरतो.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, मूळ कपलरच्या मधे बसणारा जोड मिळत असेल तरच करा. भावाच्या पल्सरची वॉरंटी संपलीय, त्यामुळे त्याला ही अडचण नाही.

जादा दिवा

डबीऐवजी दुसरा दिवाच लावायचा, हा पर्याय मला उगाच दुर्लक्षित वाटतो. नंबर प्लेटखाली लाल एलईडी पट्टी, किंवा मागे पेटी असेल तर पेटीवर दिवा. पेटीवरचा दिवा मागच्या कारवाल्याच्या नजरेच्या उंचीला येतो, आणि ब्रेकच्या वायरला समांतर जोडल्यामुळे तो बंद पडला तरी मूळ दिवा चालू राहतो. पेटी काढता येते, म्हणून तिथे कपलर लागणारच. हेल्मेटवर चिकटवायचे वायरलेस दिवेही मिळतात, पण ते चार्ज करायचं मी तिसऱ्या दिवशीच विसरलो.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मागे लालच उजेड दिसला पाहिजे. अपवाद इंडिकेटर, नंबर प्लेट, रिव्हर्स लाईट वगैरेंचे. म्हणजे निळा-लाल आलटून पालटून चमकणारे 'पोलिसी' दिवे सरळ बाद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ स्वरूपाशी विसंगत बदल करायला मनाई करतं. कायम लुकलुकणाऱ्या डबीसह नाक्यावर अडवलं, तर वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नसेल, आणि तुमच्याकडेही नसेल.

तर भावाला मी सांगितलं: स्विच वर घे, तीन वेळा लुकलुकून स्थिर होणारी आठवणवाली डबी घे, इपॉक्सीची, आणि कपलर मी आणतो. माझ्या युनिकॉर्नवर आता साधा पांढरा एलईडी बल्ब आहे आणि पेटीवर लाल पट्टी. लुकलुकणारं काहीच नाही. ती अडीचशेची डबी अजून टूलबॉक्समध्ये पडलीय, भाऊ म्हणाला मला दे, मी दिली नाही.