बूट सेटिंग बदलली आणि लॅपटॉप उठेना: सेटिंग मागे न्यायची, सेल काढायचा की फॉरमॅट मारायचा?

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, जाऊन काहीतरी बदललं, एफ-10 दाबून सेव्ह केलं, आणि आता काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ येते. इथून तीन वाटा फुटतात. बदललेली सेटिंग कीबोर्डवरूनच एकेक करून मागे न्यायची, किंवा मागचं झाकण उघडून सीमॉसचा सेल, म्हणजे बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ जपणारी छोटी बॅटरी, काढायचा, म्हणजे सगळ्याच सेटिंग कारखान्यातल्यासारख्या होतील अशी अपेक्षा, किंवा दुकानात देऊन विंडोज नव्याने टाकून घ्यायचं. मी तिन्ही वाटांनी गेलोय, काही वेळा स्वतःच्या लॅपटॉपसाठी, काही वेळा घरच्यांच्या. राहतो देवगडला, त्यामुळे पुढच्या मजकुरात इथली खारी हवा आणि इथली लाईट दोन्ही आलेली आहेत. पुण्यात बसून वाचणाऱ्याचं गणित थोडं वेगळं असू शकेल.

हा प्रकार हल्ली वाढलाय त्याला कारण आहे. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11ला यूईएफआय (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूटची सोय (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी) आणि टीपीएम 2.0 (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) लागतं. मग लोक बायोसमध्ये शिरतात, लेगसीचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, यूईएफआय करतात, आणि लॅपटॉप जागचा हलत नाही. कारण त्यातलं विंडोज कधीकाळी लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते. यूईएफआय मोडला विंडोज सुरू करायला जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवरचं बूट विभाजन हवं असतं. ते सापडलं नाही की त्याच्या लेखी विंडोजच नाही. फोटो, हिशोब, सगळं डिस्कवर शाबूत असतं. जमीन तिथेच असते, फक्त सातबाऱ्यावरची नोंद फिरलेली असते. म्हणून घाईघाईत काही पुसू नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन.

पहिली वाट, सेटिंग मागे नेण्याची. तिच्यात सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे पडद्यावर काय येतंय ते नीट वाचणं. 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड' आलं तर बहुतेक वेळा भानगड बूट मोडची (लेगसी की यूईएफआय) किंवा बूट क्रमाची (आधी कुठून सुरू व्हायचं त्याची) असते. विंडोजचा लोगो येऊन, चक्र फिरून मग निळा पडदा आणि त्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर संशय साटा मोडवर, म्हणजे लॅपटॉप डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतो त्या सेटिंगवर, घ्यावा. एएचसीआय आणि रेड हे त्याचे दोन पर्याय, एकाचं दुसरं झालं असेल. दोन्हीत इलाज एकच, जे बदललं ते पूर्वीसारखं करायचं. पण कुठे हात घालायचा ते त्या एका ओळीवरून ठरतं. ओळ दिसताक्षणी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर कधीकधी वेगळीच ओळ येते आणि मूळची आठवत नाही.

आधी कुठला मोड होता तेच आठवत नसेल तर? किंवा बदल भलत्यानेच केला असेल तर? तर विंडोजचा इन्स्टॉलर असलेला पेन ड्राइव्ह लागतो. आठ जीबीचा पुरतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या चालत्या लॅपटॉपवर करून घेता येतो. त्यावरून सुरू करायचं, भाषा निवडायचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ-10 एकत्र दाबायचं, काळी खिडकी उघडते. तिच्यात 'डिस्कपार्ट' आणि मग 'लिस्ट डिस्क' असं इंग्रजीत टाइप करायचं. डिस्कची यादी येते आणि उजवीकडे शेवटच्या रकान्यात जीपीटी लिहिलेलं असतं. त्या रकान्याखाली तुमच्या डिस्कसमोर छोटी चांदणी असेल तर मोड यूईएफआय हवा. जागा रिकामी असेल तर लेगसी. फक्त पाहून बाहेर पडायचं, 'क्लीन' हा शब्द त्या खिडकीत चुकूनही टाइप करायचा नाही, निवडलेल्या डिस्कवरच्या साऱ्या नोंदी तो उडवतो. ती एक चांदणी बघितल्यावर अंदाजपंचे सगळं संपतं. मला ही वाट आवडू लागली ती तेव्हापासून.

एफ-9 दाबून सरसकट 'लोड डिफॉल्ट्स' करावं का? बऱ्याच वेळा चालतं. पण जपून. काही लॅपटॉपमध्ये कारखान्याची मूळ सेटिंग रेड असते आणि नंतर कुणीतरी एएचसीआय करून विंडोज टाकलेलं असतं. तिथे डिफॉल्ट केलं की एक अडचण सुटते आणि दुसरी उभी राहते. म्हणून आधी साटा मोडच्या पानाचा फोटो, मग डिफॉल्ट.

माझी भाची रत्नागिरीला शिकते. तिने लिनक्स टाकून बघायला सिक्युअर बूट बंद केलं, आणि लॅपटॉपने विंडोजऐवजी बिटलॉकरचा पडदा दाखवून 48 आकडी रिकव्हरी की मागितली. तिने बिटलॉकर हे नावही तोवर ऐकलं नव्हतं. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपसूक कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची किल्ली टीपीएम सांभाळतो. बूटची परिस्थिती बदललेली दिसली की तो किल्ली देत नाही. फोनवर मी तिला एवढंच म्हटलं, "बाय, जिथे बंद केलंस तिथेच परत चालू कर, बाकी कशाला हात लावू नको." तिने सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि विंडोज मुकाट उघडलं. नेहमीच इतकं सहज होईल असं नाही. पण होतं बहुतेकदा, कारण परिस्थिती पूर्वीसारखी झाल्यावर टीपीएमची हरकत उरत नाही. की लागलीच तर ती त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या फोनवरून बघता येते. बायोसमध्ये 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसतो, त्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. की हाताशी नसेल आणि तो दाबला, तर डिस्क कायमची बंद.

आता दुसरी वाट, सेलाची. इंटरनेटवर कुठलाही व्हिडिओ लावा, तिसऱ्या मिनिटाला सांगतात की सीमॉस बॅटरी काढा, थोडा वेळ थांबा, परत लावा. ऐकायला सोपं वाटतं, आणि जुन्या लॅपटॉपवर त्याचा गुणही येतो. माझ्यापुरता निर्णय मात्र इथेच झाला, तो स्क्रूंमुळे.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खिडकीचे गज, पंख्याच्या पात्यांचे बोल्ट, गॅसच्या शेगडीचं स्टँड, काहीच सुटत नाही. लॅपटॉपच्या पाठीवरचे ते बारीक काळे स्क्रू पोलादाचेच असतात. वरचा काळा मुलामा एकदा उडाला की खाचेत तपकिरी भुकटी जमते. चारी बाजूंनी गंज चढलेल्या त्या अधिकच्या चिन्हासारख्या खाचेत स्क्रूड्रायव्हर पूर्ण बसतच नाही. जोर लावला की घसरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या घसरणीत खाच गोल होते. मग तो स्क्रू निघत नाही की बसत नाही. त्याहून वाईट प्रकार आत होतो. हे स्क्रू प्लास्टिकमध्ये दाबून बसवलेल्या पितळी नटात फिरतात. स्क्रू गंजून नटाला धरून बसलेला असेल तर स्क्रूबरोबर नटही प्लास्टिकमध्ये फिरू लागतो. कितीही फिरवा, वर येत नाही. आणि तो नट बिजागरीजवळचा असेल तर पुढे झाकण उघडताना ती बाजू कुरकुरते, मग उचकटते. बूटची एक सेटिंग मागे न्यायला गेलो आणि बिजागरी हलवून आलो, असा हा व्यवहार. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, तो राहून गेला आणि झाकण ओढलं की कडेच्या क्लिपा तुटतात, त्या वेगळ्या.

रुंद रबरबँड खाचेवर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबला तर काही स्क्रू निघतात, हे खरं आहे. गंज सोडवायचं तेल मात्र मी वापरत नाही, आत बोर्डवर उतरलं तर पंचाईत.

एवढं करून आत पोचल्यावरही खात्री नाही. नवीन लॅपटॉपमध्ये कित्येकदा वेगळा सेलच नसतो, घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. सेटिंग सेलावर जगणाऱ्या मेमरीत नसून चिपमध्ये कायमच्या लिहिलेल्या असतात, त्या सेल काढून जातातच असं नाही. बायोसचा पासवर्डही बहुधा जात नाही. सेल निघाला तर तारीख मात्र मागे जाते, आणि मग विंडोज सुरू झालं तरी बँकेच्या किंवा जीएसटीच्या पानावर सर्टिफिकेट चुकीचं असल्याची तक्रार येत राहते, तारीख दुरुस्त करेपर्यंत.

सेलाच्या बाजूने बोलायचं तर दोन प्रसंगी तोच इलाज योग्य. एक, लोगोसुद्धा येत नाही आणि बायोसमध्ये शिरताच येत नाही तेव्हा. तरीही त्याआधी चार्जर काढून, बाहेर निघणारी बॅटरी असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरावं, झाकण न उघडता काम झालं तर उत्तमच. दुसरा प्रसंग आपल्याकडे नेहमी दिसतो. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात, जुना लॅपटॉप गावच्या घरी ठेवून जातात, तो उघडतो थेट शिमग्याला. तोवर मुख्य बॅटरी उतरलेली, सेलही संपलेला, आणि तारखेसकट सगळ्या सेटिंग विसरलेल्या. कुणी काही बदललेलं नसतं आणि तरी तोच संदेश. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सेल बदलायलाच हवा. तो बहुधा सीआर-2032च असतो, पण लॅपटॉपमध्ये अनेकदा वायर आणि कनेक्टर लावलेला येतो, तेव्हा घड्याळाच्या दुकानातला सुटा सेल आणून भागत नाही.

तिसरी वाट दुकानाची. इथून कणकवलीला न्यायचा म्हणजे एसटीने सकाळ जाते. समोरचा माणूस चालू करून बघतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारूचो लागतलो." त्याचंही चूक नाही, त्याच्याकडे रांग असते आणि नव्याने टाकणं हा त्याला सर्वांत लवकर होणारा, हमखास उपाय आहे. डिस्कच खराब होत चालली असेल, किंवा लॅपटॉपमध्ये जपण्यासारखं काही नसेल, तर मीही तेच सुचवीन. पण आंब्याच्या पेट्यांचा हिशोब, गिऱ्हाइकांचे पत्ते, जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं ज्याच्यात आहेत त्याला ते महाग पडतं. फॉन्ट परत शोधा, प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, डिजिटल सहीच्या टोकनचा टाका, आणि वर विंडोजचे अपडेट मोबाईलच्या नेटवर उतरवा. पावसात वारा सुटला की लाईट जाते आणि मागोमाग टॉवरही. एप्रिलमध्ये, ऐन हापूसच्या हंगामात, इतका वेळ कुणाकडे असतो? शिवाय डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर की असल्याशिवाय दुकानदारालाही जुना डेटा काढून देता येत नाही.

तेव्हा माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही. ज्याचा लॅपटॉप दोन वर्षांचा आहे, स्क्रू चकचकीत आहेत आणि हात सराईत आहे, त्याने सेल काढला तर मी अडवणार नाही. बाकीच्यांनी आधी कीबोर्ड.

विंडोज 11साठीच हा खटाटोप असेल तर लेगसीवर परत गेल्यावर काम अर्धंच झालेलं असतं. पुढचं विंडोजच्या आतून करता येतं. महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, बिटलॉकर चालू असेल तर तो तात्पुरता थांबवायचा, आणि मग मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन चालवायचं. 2017मध्ये आलेल्या विंडोज 10च्या 1703 आवृत्तीपासून ते सोबतच येतं. आधी त्याला फक्त तपासायला सांगायचं, डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी विभाजनं असतील तर ते तिथेच नकार देतं. तपासणीत पास झालं तर रूपांतर करायचं, फाइल जागेवर राहतात. आणि त्यानंतर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय करायचं, त्याआधी नाही. चार्जर लावलेला असावा आणि बॅटरी भरलेली. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी.

आणि कणकवलीला न्यायचाच झाला तर चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून लॅपटॉपला चिकटवा: कुठली सेटिंग काय होती आणि काय केली, आणि डिस्क पुसण्याआधी फोन करा.