डेबियनचं प्रीसीड: शाळेच्या लॅबसाठी मराठीत कितपत चालतं?

डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवताना इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवणं म्हणजे प्रीसीड. धुळे-जळगावकडच्या शाळेत वीस-पंचवीस पीसी एकदम उभे करायला ते उत्तमच. भाषेपाशी मात्र हमखास अडतं. फाइल नेटवर्कवरून येत असेल, तर भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न ती पोचण्याआधीच समोर येतात. म्हणून लोकॅल (भाषा-देशाची सेटिंग) ‘एमआर_आयएन’ बूटच्या ओळीतच, म्हणजे इन्स्टॉलर सुरू करतानाच्या कमांडमध्ये द्या, किंवा तिथेच ‘ऑटो’ चालू करून प्रायॉरिटी ‘क्रिटिकल’ (फक्त अत्यावश्यक प्रश्न विचार) ठेवा. मग हे प्रश्न फाइल येईपर्यंत थांबतात. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ फाइलमध्ये दिला तरी चालतो.

इन्स्टॉलर ग्राफिकलच घ्या. साध्या टेक्स्ट स्क्रीनला देवनागरी झेपत नाही. कीबोर्ड ‘यूएस’. नुसता देवनागरी ठेवला, तर रोमन पासवर्ड टाइपच होत नाही अन् पोरं लॉगिनलाच खोळंबतात. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मागाहून जोडा.