मकिता ३७०९ ट्रिमर: चार वर्षांच्या वापरानंतर, मुख्यतः देखभालीविषयी

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत मी फावल्या वेळात देव्हारे, पाट आणि चौरंग करतो. त्यांच्या कडांना गोलाई देणे, फळीत खाच पाडणे आणि प्लायवूडवर चिकटवलेल्या सनमायकाची वाढीव कड छाटणे ही सारी कामे गेली चार वर्षे मकिता कंपनीच्या ३७०९ या लहान राउटरवर होत आहेत. आपल्याकडचे सुतार आणि दुकानदार त्याला ट्रिमरच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. मोटर ५३० वॅटची, वेग मिनिटाला ३०,००० फेऱ्यांचा आणि वजन सुमारे दीड किलो. वेग कमी-जास्त करण्याची किंवा मोटर सावकाश सुरू होण्याची सोय त्यात नाही. बटण दाबताच यंत्र पूर्ण वेगाने फिरू लागते आणि मनगटाला हिसका बसतो. आत इलेक्ट्रॉनिक भाग जवळपास नसल्याने बिघडण्यासारखे थोडे आणि स्वतः साफ करता येण्यासारखे पुष्कळ, हे या यंत्राचे मला सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य आहे.

देखभालीत पहिला मान कॉलेटचा. बिट, म्हणजे लाकूड कापणारे सुटे पाते, धरून ठेवणारा हा चिरा पाडलेला छोटा शंकू नट आवळल्यावर मिटतो आणि बिटाच्या दांड्याला चहूबाजूंनी पकडतो. सागाचा तेलकट भुसा आणि प्लायवूडमधला डिंक तापून या चिरांमध्ये बसला की नट कितीही आवळा, पकड काही ठिकाणांपुरतीच राहते. पहिल्या वर्षी मी याकडे लक्ष दिले नाही आणि त्याची शिक्षा मला मिळाली: एका देव्हाऱ्याच्या फळीत खाच पाडताना बिट हळूहळू खाली सरकत गेले आणि तीन मिलिमीटरची खाच शेवटी पाच मिलिमीटरची झाली. दोष सर्वस्वी माझा होता. बिट फळीत सरकले म्हणून निभावले; ३०,००० फेऱ्यांवर ते निसटून बाहेर आले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

तेव्हापासून दर आठ-दहा तासांच्या कामानंतर मी प्लग काढून नट आणि कॉलेट दोन्ही सुटे करतो, चिरा व आतली भिंत जुन्या टूथब्रशने घासतो, चिकट थर असेल तर किंचित रॉकेल लावतो आणि शेवटी कोरड्या फडक्याने सगळे पुसून घेतो. कॉलेटच्या आत तेल मुळीच राहू देऊ नये, कारण तिथे घर्षण हवे असते. बिट न घालता नट आवळू नये, नाहीतर कॉलेट तडकतो. माहितीपुस्तिकेत ही सूचना आहे, तरीही नट हरवू नये म्हणून रिकामा कॉलेट घट्ट आवळून ठेवणारे कारागीर मी पाहिले आहेत. बिट पूर्ण आत घाला, असेही पुस्तिका सांगते, तर आमच्या वाडीतले एक वयस्क सुतार ते टेकवून मग दोन मिलिमीटर बाहेर ओढतात. मला दुसरी पद्धत पटते, कारण बिट तळाला टेकलेले असले तर आवळताना कॉलेटला नीट मिटता येत नाही; दांड्याचा बहुतेक भाग आत राहिला पाहिजे, एवढे मात्र सांभाळावे.

विकत घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे सुतारांच्या भाषेत दोन सूत, अशा दोन्ही दांड्यांची बिटे सर्रास मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. हा ०.३५ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्या कॉलेटमध्ये लहान दांडा भरवशाने धरला जात नाही. आपल्या यंत्रात कोणता कॉलेट आहे ते पाहूनच बिटे घ्यावीत.

मोटरीच्या हवेच्या झरोक्यांत भुसा साचला की यंत्र तापते. मी ते मऊ ब्रशने झाडतो आणि ब्लोअरचा झोत थोड्या अंतरावरून देतो, कारण जोराची हवा अगदी जवळून मारली तर भुसा निघण्याऐवजी बेअरिंगकडे आणि स्विचमध्ये ढकलला जातो. प्लास्टिकच्या आवरणाला थिनर किंवा पेट्रोल लावू नये; ओलसर फडके पुरते. मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश खुणेपर्यंत झिजले की दोन्ही एकाच वेळी बदलायचे असतात. मी एकदा हे काम एका दुरुस्तीच्या दुकानात दिले आणि त्यांनी एकच नवा ब्रश घालून दिला. मोटरीतून ठिणग्या वाढल्या, म्हणून मी नवी जोडी आणून स्वतः बसवली. दहा मिनिटांचेही काम नाही.

बिटांवरचा काळपट थर धार बोथट करतो आणि लाकूड जाळतो. ती कोमट पाण्यात खायचा सोडा व भांडी घासायचा साबण घालून अर्धा तास भिजवावीत आणि ब्रशने घासावीत. ज्यांच्या टोकाला बेअरिंग असते, त्यांचे बेअरिंग आधी काढून ठेवावे. कोकणातल्या पावसाळ्यात न पुसलेल्या दांड्यावर पाहता पाहता गंज चढतो आणि तो गंज पुढे कॉलेट खरवडतो, म्हणून मी बिटे तेलाचा हात फिरवून बंद डब्यात ठेवतो आणि वापरण्याआधी दांडा पुसतो.

भुसा ओढून घेण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे, त्यामुळे मास्क लावल्याखेरीज साफसफाईसुद्धा करू नये.

मोठ्या व्यासाची बिटे किंवा जाड सागाच्या फळीत एका दमात खोल खाच, अशी कामे असतील तर हे यंत्र घेऊ नये. त्यासाठी वेग कमी करता येणारा मोठा राउटरच हवा. कडा आणि उथळ खाचा यांसाठी मात्र मी पुन्हा हेच घेईन, आणि त्याच दिवशी एक जादा कॉलेट व कार्बन ब्रशांची एक जोडीही घेईन.