फ्युएल पंप घरी बदलायचाय: नुसती मोटर, फुल असेंब्ली की सरळ गॅरेज?

पेट्रोल गाडी सेल्फ मारल्यावर नुसती फिरत राहते, स्टार्ट होत नाही, की लोक लगेच पंप गेला म्हणून मोकळे होतात आणि पहिली चूक तिथेच होते. सेल्फ न मारता नुसती किल्ली ऑन करा, बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूने दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) बघा, मग कुणालातरी किल्ली ऑन करायला सांगून पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. बारा व्होल्टच्या आसपास येतंय, अर्थिंग पण ठीक आहे आणि तरी पंप गप्प, तर पंप गेला. व्होल्टच येत नसेल तर नवा पंप आणून पैसे वायाच जाणार. आवाज येतो पण चढावर गाडी दम टाकते, अशा वेळी प्रेशर गेज लावून बघा. एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) गाड्यांना साधारण 3 ते 4 बार लागतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे बघा. कधी नुसती पंपाची जाळी तुंबलेली असते.

आता मोटर की असेंब्ली (मोटर, बॉडी, फ्लोट असा टाकीत बसणारा अख्खा संच). नुसती मोटर स्वस्त पडते, जुनी बॉडी, फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) सगळं तेच राहतं, त्यामुळे पेट्रोलचा काटा बिघडायची भीती कमी. पण बॉडी उघडताना प्लास्टिकचे लॉक सांभाळावे लागतात, दहा-बारा वर्षांच्या गाडीत ते कडक झालेले असतात आणि कटकन तुटतात, मग शेवटी असेंब्लीच घ्यावी लागते. आतला पाइप तुटला तर बाहेर वापरायचा साधा फ्युएल होज तिथे लावू नका, तो आतून पेट्रोल सहन करतो पण टाकीत तो बाहेरूनही पेट्रोलमधेच बुडालेला असतो आणि हळूहळू फुगून सुटतो. टाकीत बुडवायला चालतो असाच होज मागून घ्या.

फुल असेंब्लीत ही झटापटच नाही, जुनी बाहेर नवी आत. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर माझं मत सरळ असेंब्लीच घ्या, जास्तीचे पैसे गेले तरी चालतील. फक्त पार्ट नंबर जुन्या पार्टवरचा आणि चॅसी नंबरवरून असा दोन्हीकडून जुळवून घ्या, एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटमधे फ्लोट वेगळा असू शकतो आणि मग अर्धी टाकी असताना काटा रिकामी दाखवतो. डुप्लिकेट माल नको, आता आपल्याकडे पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल असतं आणि हलकं रबर त्यात टिकत नाही.

गॅरेजला कधी द्यायची? मागच्या सीटखाली पंपापर्यंत पोचायचं झाकण नसेल आणि टाकीच खाली उतरवावी लागत असेल तर द्याच, जॅकवर गाडी आणि खाली पेट्रोलची टाकी हे घरचं काम नाही. डिझेल कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप तर अजिबात नाही, तिथे हजार बारच्या वरचं प्रेशर असतं, डिझेलची धार कातडीतून आत जाते.

घरी करणारच असाल तर मोकळ्या जागेत, सकाळच्या गारव्यात करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, म्हणून सोसायटीच्या बेसमेंटमधे नको. टाकी पाव किंवा त्याहून कमी असू द्या. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवा, स्टार्टच होत नसेल तर थोडा सेल्फ मारा, पंप आधीच गेला असला तरी लाइनमधे प्रेशर असू शकतं, म्हणून पाइप काढताना वर फडकं धरा. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. आग विझवायचा सिलिंडर हाताशी पाहिजेच. झाकणावरची धूळ उघडण्याआधी पुसून घ्या, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. पंप टाकीवर घट्ट धरणारी वरची रिंग लोखंडी छिन्नी-हातोडीने ठोकू नका, ठिणगी उडते, पितळी तुकडा किंवा रिंगचाच पाना वापरा. आणि नवा पंप चालतो का बघायला कोरडाच बॅटरीला लावू नका.

ओ-रिंग (पंप आणि टाकीच्या मधलं गोल रबरी सील) मात्र दरवेळी नवीनच. माझ्याकडून एकदा जुनीच बसवली गेली, आठ दिवस काही कळलं नाही, टाकी फुल केली आणि गाडीत बसवेना इतका वास, पोरं मागच्या सीटवर होती, अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. म्हणून आता सगळं जोडल्यावर किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून प्रेशर भरतो, टॉर्चने जोडावर ओल आहे का बघतो, आणि सीट लगेच बसवत नाही. आधी टाकी फुल करून आणतो, गाडी रात्रभर बाहेर उभी ठेवतो आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वास घेतो, तेव्हा काही आलं नाही तरच सीट परत जागेवर.