प्रॉक्समॉक्स व्हीई: लाईट जाणाऱ्या गावात व्हर्च्युअल मशीन चालवायची तर

आमच्या जळगाव एमआयडीसीत चटईवाले, पाईपवाले, डाळमिलवाले, सगळ्यांकडे ऑफिसच्या मागे एखादी छोटी सर्व्हर रूम असतेच, त्यात टॅली, ईआरपी, हजेरीचं सॉफ्टवेअर, आणि हे सगळं एकाच दणकट सर्व्हरवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) करून चालवायचं असेल तर त्यासाठीचं सॉफ्टवेअर म्हणून मी प्रॉक्समॉक्सच सांगेन. ब्रॉडकॉमनं २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर ही याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली, महिन्याभरात तिची एकदाच पैसे भरायची लायसन्स बंद झाली, तेव्हापासून आपल्यासारखे छोटे लोक दुसरा पर्याय शोधताहेत. प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर चालतं, आत केव्हीएम (लिनक्समधलंच व्हीएम चालवणारं इंजिन) आहे, आणि फुकट आहे म्हणून कुठलं फीचर कापलेलं नाही. सबस्क्रिप्शन नसेल तर लॉगिनला एक मेसेज येतो, ओके करायचं बस.

व्हीएम बनवणं सोपं, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर पॅनल उघडा, आयएसओ (इन्स्टॉलच्या सीडीची फाईल) टाका, रॅम कोर डिस्क द्या, झालं. विंडोज टाकताना मात्र डिस्क व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) ठेवली की इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, घाबरू नका, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून ड्रायव्हर लोड करा. स्पीड हवा असेल तर एवढा त्रास घ्याच.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्टार्ट अ‍ॅट बूट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, लाईट कधी जाईल नेम नाही, युपीएस संपला की सर्व्हर बंद. इथं सर्व्हर सुरू झाला की व्हीएम आपोआप उठतात, प्रत्येक व्हीएमला नंबर आणि मधला वेळ देता येतो, म्हणजे लाईट आल्यावर आधी डेटाबेस उठतो, मग थोडं थांबून ईआरपी, बंद होताना बरोबर उलटा क्रम. व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसून प्रॉक्समॉक्सचं ऐकणारं छोटं सॉफ्टवेअर) टाकून ठेवा आणि युपीएसला नट (NUT, युपीएसची बॅटरी बघून सर्व्हरला बंद व्हायला सांगणारं सॉफ्टवेअर) जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत सगळं नीट शटडाऊन होतं, टॅलीचा डेटा खराब व्हायची भीती बरीच कमी होते.

आता खटकणारं. दोनच सर्व्हरचं क्लस्टर केलं (म्हणजे एकत्र जोडले) आणि एक बंद पडला तर उरलेल्याकडे कोरम, म्हणजे निम्म्याहून जास्त मतं, राहत नाही, बंद असलेली व्हीएम सुरूच होत नाही! तिसरं मत लागतंच, एखाद्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारं सॉफ्टवेअर) ठेवलं तरी चालतं. डिस्कवर डेटा ठेवायच्या पद्धतींपैकी झेडएफएस रॅम भरपूर खातं, कमी रॅमच्या जुन्या सर्व्हरवर एलव्हीएम थिन बरं. आणि भाऊ, स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) म्हणजे बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर टाका, तोही त्यांचाच आणि फुकट, पहिल्यांदा पूर्ण कॉपी घेतो, नंतर फक्त बदललेला भाग पाठवतो, व्हीएम न उठवता आतली एकच फाईलसुद्धा परत काढता येते.

लिनक्स जाणणारा माणूस हाताशी नसेल तर सबस्क्रिप्शन घ्या, पैसे सीपीयू सॉकेटवर लागतात, पण सगळ्यात खालच्या कम्युनिटी लेव्हलमध्ये सपोर्ट तिकीट (कंपनीकडून थेट मदत) मिळत नाही, ते बेसिकपासून पुढे, तेवढं बघून घ्या.