बुधवारचा पांढरा पास्ता: स्लो कुकर, प्रेशर कुकर की कढई?

आमच्याकडे चिकनचे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी हाताशी वेळ असतो. अडतं ते बुधवारी. सकाळी साडेआठला नाशिकच्या इंदिरानगरहून सातपूरला कामाला निघायचं, संध्याकाळी साडेसहाला परत यायचं, आणि चप्पल काढायच्या आधीच लेकीची फर्माईश, 'आई, तो पांढरा पास्ता कर ना!' नणंदेच्या घरीही हेच चालतं. म्हणून ती परवा विचारत होती, 'वहिनी, स्लो कुकर घेऊ का गं? सकाळी लावला की संध्याकाळी जेवण तयार, खरं का?'

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं. चिकनपुरतं तिचं म्हणणं खरं आहे. पास्त्यापुरतं नाही.

मी पहिल्या बुधवारी सगळं एकदमच टाकलं होतं. चिकन, कोरडा पेने पास्ता, क्रीम, वर झाकण, बटण सुरू. संध्याकाळी झाकण काढलं तर वर तुपकट पाणी, मध्ये फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या आणि तळाला पास्त्याची लापशी. लेकीने त्यात चमचा उभा करून बघितला. तो उभाच राहिला.

चूक माझीच होती. क्रीम तासन् तास गरम राहिलं की फाटतं, त्यात टोमॅटो किंवा लिंबू असेल तर लवकरच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के स्निग्धांश असतो; परदेशी पाककृतींतलं हेवी क्रीम 35 टक्क्यांच्या वरचं असतं आणि ते जास्त तग धरतं. त्यामुळे क्रीम शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच घालायचं, तेही फ्रिजमधून काढून थेट नाही. आधी वाटीत घेऊन भांड्यातला गरम रस चमचा-चमचा मिसळायचा. पास्ता गॅसवर वेगळा उकळायचा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी, आणि मग सॉसमध्ये सोडायचा. म्हणजे शेवटचा अर्धा तास तुम्ही ओट्यापाशी हव्यातच.

बाकी चिकन मात्र सुरेख होतं. दुकानात लेग बोनलेस मागा. ब्रेस्ट इतका वेळ शिजलं की भुसा होतो. अर्धा किलोला एक कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, मिरे, ओरेगॅनो आणि फक्त एक कप पाणी. वाफ बाहेर जात नाही आणि चिकनलाही पाणी सुटतं, त्यामुळे कढईच्या अंदाजाने पाणी घातलंत तर पास्ता नाही, रस्सा होईल. 'लो'वर पाच-सहा तास, 'हाय'वर अडीच-तीन. मधे झाकण उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं वाया जातात.

आता हिशेब करा. मी दहा तास घराबाहेर, चिकनला लागतात सहा. म्हणून नुसत्या फिरत्या बटणाचा स्लो कुकर घेऊ नका. वेळ संपल्यावर आपोआप 'वॉर्म'वर जाणारा डिजिटल घ्या, त्यात चिकन 60 अंशांच्या वर गरम राहतं. साध्या कुकरला टायमरचा प्लग लावायची युक्ती मुळीच नको. कच्चं चिकन सकाळभर भांड्यात ठेवून कुकर दुपारी सुरू करणंही चूक, आणि शिजलेलं कोमट ठेवणंही चूक.

वीजबिलाची काळजी सोडा. 200 वॅटचा कुकर सहा तास चालला तरी सव्वा युनिटच्या आत. खरी काळजी वीज जाण्याची. अकराला गेली आणि तीनला आली तर चिकन इतका वेळ कोमट पडून राहिलं, ते टाकूनच द्यायचं. बटणाचा कुकर वीज आल्यावर गुपचूप पुन्हा सुरू होतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मी घरात शिरताच आधी मायक्रोवेव्हचं घड्याळ बघते. शून्यावर लुकलुकत असेल तर वीज जाऊन आली, त्या दिवशी अंड्याची पोळी. इन्व्हर्टरला 200 वॅट जड नाहीत, पण स्वयंपाकघरातला तो प्लग बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. घेण्याआधी तेवढं तपासा.

प्रेशर कुकर घरात आहेच. त्यात चिकन दोन शिट्ट्यांत होतं. पास्ता त्यातच घालायचा तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, पिठूळ फेस शिट्टीतून बाहेर येतो आणि ओटा पुसत बसावं लागतं. क्रीम झाकण उघडल्यावरच. चव बरी लागते, बाकी कौतुक काही नाही.

चवीत कढईला तोड नाही. चिकनला जो तांबूस रंग आणि खमंग वास येतो, त्यासाठी पाण्याच्या उकळीपेक्षा बरीच जास्त आच लागते. स्लो कुकर तिथवर पोचतच नाही, म्हणून त्यातलं चिकन मऊ असलं तरी फिकट दिसतं. कढईत लोणी-तेलावर दोन्ही बाजू तीन-चार मिनिटं परता, तुकडे काढून घ्या. तळाला तपकिरी खरपुडी धरलेली असते, तिच्यावर अर्धी वाटी पांढरी वाइन ओता. आपण द्राक्षांच्या गावात राहतो, एखादी बाटली कोणीतरी भेट दिलेली असतेच. सोव्हिन्यो ब्लां असेल तर उत्तम, शेनिन ब्लां जरा गोडसर पडते. चर्र आवाज होतो, खरपुडी सुटते, वाइन निम्मी आटली की लसूण, मग क्रीम. सगळं मिळून चाळीस मिनिटं. हीच वाइन स्लो कुकरमध्ये कच्ची ओतू नका. झाकणाखाली ती आटत नाही आणि उग्र वास तसाच राहतो. सकाळी दहा मिनिटं काढून चिकन तव्यावर परतून मग स्लो कुकरमध्ये टाकलं तर बराच फरक पडतो, पण साडेआठच्या आधीची ती दहा मिनिटं कोणाकडे असतात?

नणंदेला मी हेच सांगितलं. ती आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. तिने फक्त या पास्त्यासाठी स्लो कुकर घेऊ नये, दुपारी उठून कढई चढवावी. माझं तसं नाही. साडेसहाला दमून आल्यावर चिकन मऊ शिजलेलं मिळतं, फक्त पास्ता उकळायचा आणि क्रीम घालायचं. एवढ्यासाठी मी फिकट रंग चालवून घेते. शिवाय पाया आणि गावरान कोंबडी त्यात झकास होते. राजमा मात्र नेहमीसारखा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळा आणि मगच त्यात टाका. नुसत्या मंद आचेवर राजम्यातला विषारी अंश जात नाही, पोट बिघडतं.

'मग तुझा जुना दे मला, बघते करून,' नणंद म्हणाली. पुढच्या बुधवारी घेऊन जाणार आहे. सासूबाई तेव्हापासून खूश आहेत, ओट्यावर त्यांच्या पोळपाटाला जागा होईल म्हणून.