नागपूरच्या उन्हात पॉलिश आणि वॅक्स: डिसेंबर ते ऑगस्टच्या वापरानंतरचा अनुभव

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. गाडी नागपुरात उघड्यावर उभी राहत असेल तर मार्चमध्ये सिंथेटिक लिक्विड वॅक्स लावा. कार्नौबाचं (ताडाच्या पानांवरच्या मेणाचं) पेस्ट वॅक्स हिवाळ्यापुरतं ठेवा. पॉलिश मात्र जितकं टाळता येईल तितकं टाळा. गाड्या दोन होत्या: गडद मरून सेडान आणि पांढरी हॅचबॅक. दोघींच्याही डोक्यावर छप्पर नाही, सेडान तर कडुलिंबाखाली. वापरात एक बारीक पॉलिश, एक कार्नौबा पेस्ट, एक सिंथेटिक सीलंट (वर म्हटलेलं लिक्विड वॅक्स तेच) आणि एक सिलिका असलेला स्प्रे.

दुकानात 'पॉलिश द्या' म्हटलं की हाती काहीही पडू शकतं, म्हणून डबीची मागची बाजू वाचून घ्यावी. 'कंपाउंड', 'कट', 'स्क्रॅच रिमूव्हर', 'क्लीनर वॅक्स' यांपैकी काही लिहिलेलं असेल तर आत घासणारे कण आहेत असं समजा. पॉलिश रंग घासून सपाट करतं, वॅक्स नुसतं वरून बसतं. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर पारदर्शक क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ऊन झेलणारा थर तोच. दर दिवाळीला 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांच्या गाड्यांचं बोनेट आणि टप काही वर्षांत पांढुरकं पडून सोलायला लागतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. एकदा सोललं की कुठलंही वॅक्स ते भरून काढत नाही, तिथे पेंटरच लागतो.

जुन्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही, हे पाहायला पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही किंवा संपलेला आहे. अशा गाडीवर मशीन चालवू नका.

इथली खरी लढाई धुळीशी आणि पाण्याशी आहे. कोराडी-खापरखेड्याकडच्या वस्त्यांत वीज केंद्रांची राख गाडीवर बसते. ती सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाची, क्लिअर कोटपेक्षा कडक. कोरडा कपडा किंवा झटकणी फिरवली की ती राख सॅंडपेपरचं काम करते. उन्हात बोनेटवर दिसणारं बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं त्यातूनच येतं. सकाळी गाड्या पुसून जाणाऱ्या दादांच्या बादलीत दहा गाड्यांना एकच कपडा असतो. त्यांना स्वतःचे दोन मायक्रोफायबर द्या आणि आधी पाणी ओतायला सांगा, नाहीतर गाडी पुसूच देऊ नका. दोनतीन दिवसांची धूळ राहिली तरी रंगाचं काही बिघडत नाही, पुसण्याने बिघडतं. कव्हरचंही तसंच. मे महिन्यातल्या वाऱ्यात कव्हर फडफडतं आणि आतली धूळ रंगावर घासत राहते.

पाण्याचं गणित कूलरच्या खसवर जमणारा पांढरा थर पाहिला की कळतं. बोअरच्या पाण्यातला तोच क्षार गाडीवर वाळतो. पेंचचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. वरच्या मजल्यावरच्या कूलरचं पाणी टपावर ठिबकत असेल तर आधी गाडीची जागा बदला, वॅक्सचा विचार नंतर. कूलरच्या टाकीत पाणी आटत जातं तसा क्षार घट्ट होत जातो, त्यामुळे तो थेंब बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट. आरओचं टाकाऊ पाणी गाडीसाठी साठवून ठेवण्याची पद्धतही सोडा. घरातली भांडी, फरशी त्याने धुवा, गाडी नको, कारण गाळून वेगळा काढलेला सगळा क्षार त्यातच असतो. शेवटचं पाणी एसीच्या नळीतून गळणारं, कापडातून गाळलेलं वापरलं तर डाग जवळजवळ पडत नाहीत. ते पाणी हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार नसतो.

ताजे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरने जातात. व्हिनेगर आणि साधं पाणी समसमान घ्या, कापड भिजवून डागावर एकदोन मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच करा आणि वाळू देऊ नका. तेवढ्या भागावरचं वॅक्स कमजोर होतं, ते पुन्हा लावावं लागतं. व्हिनेगरनंतरही कडा दिसत असतील तर क्षाराने रंग कोरला आहे, तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही.

वॅक्सआधीच्या तयारीत कंटाळा केला तर महागडी बाटलीही पंधरवड्यात उतरते. दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, साधारण 20 ते 30 मिलि, कार शाम्पू. दुसऱ्या बादलीत नुसतं पाणी, प्रत्येक पॅनेलनंतर मिट (गाडी धुण्याचा मऊ हातमोजा) त्यात पिळायचा. कपड्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण जुनं वॅक्स काढायला एकदा चालेल, एरवी नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलाचे डिग्रीझरही (तेलकटपणा काढणारे द्रव) वॅक्स विरघळवतात. संत्रानगरीत राहतो म्हणून ते दर धुण्याला वापरायची गरज नाही. धुतल्यावर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा. शाम्पूच्या पाण्याने ओला केलेला भाग, क्लेचा चपटा तुकडा, दाब न देता सरळ रेषेत. तुकडा जमिनीवर पडला की फेकून द्यायचा, पैसे गेले म्हणून धुऊन वापरायचा नाही. रेल्वे लाईनजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीवर क्लेआधी आयर्न रिमूव्हर मारला तर जांभळे ओघळ येतात. ते लोखंडाचे कण.

पॉलिश करायचंच असेल तर आधी हातभर भागावर, सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोमने करून पाहा. त्याने भागलं तर पुढचं कडक पॉलिश उघडायचंच नाही. पाच इंची पॅडच्या ड्युअल अ‍ॅक्शन (फिरता फिरता डोलणाऱ्या) मशीनवर वाटाण्याएवढे चार थेंब, दीड-दोन फूट चौरस भाग, आधी कमी वेगावर पसरवून मग मशीनच्या 4 ते 5 क्रमांकावर आडवे-उभे चार ते सहा हात. हात इतका सावकाश चालवा की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बोनेटच्या कडा, दाराच्या रेषा इथे रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. प्लास्टिकचा बंपर उष्णता बाहेर सोडत नाही, म्हणून त्यावर मशीन एका जागी थांबवायचं नाही. लोकरीचा पॅड आणि गोल फिरणारं जड मशीन घेऊन अर्ध्या तासात गाडी 'चकाचक' करून देणाऱ्यांकडून कडा जळतात. नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढायचा हट्ट नको.

आणखी एक. बऱ्याच पॉलिशमध्ये ओरखडे भरणारं तेल असतं. त्या दिवशी गाडी आरसा वाटते, चार धुण्यांनंतर जाळं परत. खरं काय ते पाहायचं तर पॉलिशनंतर 10 ते 15 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्याने पुसा आणि उन्हात बघा. सीलंट नीट चिकटायलाही हे तेल निघालेलं बरं.

आता तिन्हींचा निकाल. कार्नौबा पेस्टने डिसेंबरात मरून रंगाला जी खोली आली ती बाकी दोघांना जमली नाही. पांढऱ्या गाडीवर मात्र फरक शोधावा लागला, तिथे हा खर्च करू नका. कार्नौबा ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं मेण, सुमारे 82 ते 86 अंशांना वितळणारं. डबीत ते तेल आणि सॉल्व्हंट मिसळून मऊ केलेलं असतं. मे महिन्यात गडद पत्र्याला हात टेकत नाही, तिथे या मिश्रणाची काय गत होणार? मरून गाडीच्या टपावर आणि बोनेटवर एप्रिलच्या मध्यालाच पाणी पसरून बसू लागलं, म्हणजे वॅक्स उतरलं. दारांवर बराच काळ टिकलं. शिवाय उन्हात थर चिकट होतो आणि धूळ धरतो.

सिंथेटिक सीलंट मार्चच्या सुरुवातीला, दोन थर, मध्ये एक रात्र. झळाळी थोडी कोरडी, काचेसारखी. पण नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) पार करून गेलं, आणि ऑगस्टअखेरही बाजूंवर काम करत होतं, टपावर कमी झालं होतं. हॅचबॅकला एका थराला 15 ते 20 मिलि पुरतं. याहून जास्त लागत असेल तर थर जाड होतोय आणि जाड थर पुसताना जीव खातो, टिकत मात्र अजिबात जास्त नाही. वाळलं की नाही ते बोटाने रेघ ओढून बघा: रेघ स्वच्छ उमटली तर पुसा, फराटा आला तर थांबा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत एकेक पॅनेल घ्यावं लागतं. जुलैत दमट हवेत हेच वाळायला दुप्पट वेळ घेतं.

सिलिका स्प्रे एकटा लावून समाधान झालं नाही. सीलंटवर महिन्यातून एकदा, ओल्या गाडीवर पॅनेलला दोनतीन फवारे आणि लगेच कोरड्या कापडाने पुसणं, एवढ्यासाठी तो उत्तम. उन्हात मारला तर चट्टे उमटतात. त्यावर पाण्याचे जे उंच मोती बनतात ते फोटोत छान दिसतात, पण बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक मोती वाळून एक गोल डाग होतो. इथे पाणी चादरीसारखं घसरून जाणारं सीलंट जास्त कामाचं. दुकानदार मोती दाखवून माल विकतात, तो निकष नागपूरपुरता बाजूला ठेवा.

पक्ष्यांच्या विष्ठेपुढे तिघंही हरतात. वॅक्समुळे काही तास मिळतात, इतकंच. उन्हात ती वाळून आक्रसते आणि तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटवर ठसा उमटतो. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून उचला, घासू नका. जूनमध्ये जांभळाखाली आणि एरवी कडुलिंबाखाली चिकट थेंब पडतात, त्यांनाही हाच उपाय.

डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या पॅनेलवर लगेच वॅक्स नको. पेंटर सांगेल तितकं, साधारण 30 ते 60 दिवस थांबा, आतलं सॉल्व्हंट निघून जाऊ द्या. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीचा रंग भट्टीत भाजलेला असतो, तिला थांबायचं कारण नाही. मॅट रंगावर यातलं काहीही लावायचं नाही. काळ्या प्लास्टिकवर वाळलेला पांढरा वॅक्स शाळेच्या खोडरबराने निघतो. बाटल्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात आतलं मिश्रण फुटतं आणि मग कितीही हलवलं तरी एकजीव होत नाही.